मागच्या चाकाची रिम झिजलीय : रिम बदलू, चाक बदलू की सायकलच?

घाटकोंबडा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

सायकल २०१७ ची. २६ इंची एमटीबी (माउंटन बाइक), पुढे ३ मागे ७ गिअर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून रबर दाबणारा), डबल वॉल अॅल्युमिनियम रिम, ३६ स्पोक. मुक्काम सातारा. रविवारी पहाटे यवतेश्वरचा घाट चढून कास, नाहीतर सज्जनगडाचा पायथा. पावसाळ्यातही जातो. (बायकोच्या मते पावसाळ्यातच जातो.)

गेल्या रविवारी घाट उतरताना मागचा ब्रेक दाबला की चाकाच्या दर फेऱ्याला एकदा धक्का बसायला लागला. धप... धप... धप. घरी आल्यावर सायकल उलटी करून पाहिली. ब्रेकचं रबर जिथे घासतं तिथली रिमची बाजू आत गेलीय, बोट फिरवलं की पन्हळीसारखी लागते. एका ठिकाणी वरची कड जराशी बाहेर आलीय.

तीन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला, "आउट आहे, काढून देतो, शंभर रुपये." दुसरा म्हणाला, अख्खं चाक बदला. तिसऱ्याने सायकलकडे न बघता भिंतीवरची नवी सायकल दाखवली. तिघेही आपापल्या जागी ठाम.

तर जाणकारांनो, फक्त रिम बदलून भागेल का? चाक घ्यायचं तर काय बघून घ्यायचं? आणि हे घरी जमण्यासारखं आहे का? पाने-बिने बऱ्यापैकी आहेत, धीर कमी आहे.

सोम्यागोम्या

पैला! (मला सायकल येत नाही. पण वाचतोय.)

डिस्कवाला

२०१७ ची २६ इंची, त्यात व्ही-ब्रेक? साहेब, तिला निरोप द्या. माझी २९ ची आहे, डिस्क ब्रेक. ब्रेक चकतीला लागतो, रिमला लागतच नाही, त्यामुळे रिम झिजायचा विषयच संपला. चार वर्षं झाली, रिम नव्यासारखी.

काकडीची कोशिंबीर

@डिस्कवाला, विचारलंय काय आणि सांगताय काय! माणूस म्हणतोय चपलेचा अंगठा तुटलाय, तुम्ही त्याला बूट दाखवताय.

जुना_पाना

घाटकोंबडा, बाकीचं नंतर. आधी उठा आणि मागच्या चाकातली हवा काढा. आत्ता. मग पुढचं वाचा.

काढली? आता सांगतो. तुमचं चाक "आउट" नाही. आउट म्हणजे स्पोकचा ताण कमीजास्त होऊन रिम डावी-उजवी डुलते ते. ते स्पोकच्या चावीने निघतं. तुमच्याकडे रिमची भिंतच पातळ झालीय. ट्यूबमधली हवा टायरला बाहेर ढकलते, टायरची कडा रिमच्या भिंतीला धरून बसलेली असते, म्हणजे तो सगळा दाब ती भिंत पेलते. भिंत पातळ झाली की एक दिवस घाटात ब्रेक दाबताना, किंवा घरात शांतपणे उभी असताना, कड फाटून बाहेर येते. आवाज सुतळी बॉम्बचा. "एक कड जराशी बाहेर आलीय" हे वाचून मी चहा खाली ठेवला. ती सुरुवात आहे. शंभर रुपयांत आउट काढून देणाऱ्याकडे परत जाऊ नका.

मोजायचं असेल तर टायर काढा. व्हर्नियर थेट लागत नाही, कारण रिमच्या आतल्या बाजूला टायर अडकवायचं ओठ असतं आणि बाहेरून भिंत खोलगट झालेली असते. जुन्या स्पोकचे दोन तुकडे घ्या, एक आतून एक बाहेरून लावा, दोन्ही व्हर्नियरच्या जबड्यात धरा आणि स्पोकची जाडी वजा करा. साधा स्पोक २ मिमीचा असतो, म्हणजे ४ मिमी वजा. उत्तर १ मिमीच्या आत आलं तर रिम भंगारात. चर्चा नाही.

व्हर्नियर नसेल तर स्टीलची पट्टी ब्रेकच्या पट्ट्यावर आडवी ठेवून उजेडाकडे धरा. पट्टीखालून फट दिसली की समजायचं. काही रिमवर झीज कळायला बारीक खाच किंवा खळगा मुद्दाम दिलेला असतो. तो पुसला गेला की रिमचं आयुष्य संपलं.

घाटकोंबडा

पाना काका, हवा काढली. टायर काढून मोजलं. उजवी भिंत ०.८, डावी १.१. जिथे कड बाहेर आलीय तिथे ०.६.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आणि तू ह्याच्यावर चिन्मयला पुढे बसवून नेलंस." घरात सध्या तणाव रिमपेक्षा जास्त आहे.

चिखलवाट

घाटकोंबडा, तुमच्या ब्रेकच्या रबरांकडे बघा एकदा. मी फोंड्याचा. आमच्याकडे जांभ्याची लाल माती, पावसात तिचा गिलावा होतो आणि ब्रेकवर बसतो. माझी एक रिम तीन पावसाळ्यांत गेली. रबर काढून पाहिलं तर त्यात चमचमणारे अॅल्युमिनियमचे कण रुतलेले. रेतीमुळे रिमचा कीस निघतो, तो रबरात बसतो आणि मग रबर पॉलिशपेपरसारखं काम करतं. रिम स्वतःच्याच किसाने घासली जाते.

तेव्हापासून पावसातल्या प्रत्येक फेरीनंतर बाटलीभर पाणी रिमवर ओततो आणि पंधरा दिवसांनी सुईने रबरातले कण टोकरतो. बायको म्हणते, चिंबोरी सोलल्यासारखं चाललंय तुझं. आताची रिम पाचव्या पावसाळ्यात आहे.

पेठेतला

कास पठारावर फुलं बघायला लोक गाडीने जातात. तुम्ही रिम झिजवत जाता. हौस.

काकडीची कोशिंबीर

@पेठेतला, तुमचा प्रतिसाद अजून कसा आला नाही ह्याची काळजीच लागली होती.

बिनधास्त आजोबा

वय ७४. १९६६ साली वडिलांनी घेतलेली २८ इंची काळी सायकल अजून माझ्याकडे आहे, रिमसुद्धा मूळच्या. कारण त्या स्टीलच्या. त्यांना सळईचे ब्रेक, आणि रबर रिमच्या कडेला नव्हे तर खालच्या अंगाला, म्हणजे हबकडच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याकडच्या) बाजूला वर ओढलं जाऊन लागायचं. झीज नाहीच. मात्र पावसात ब्रेक दाबायचा आणि रामाचं नाव घ्यायचं, दोन्ही एकदमच. स्टील ओलं झालं की रबर नुसतं घसरतं. आताच्या अॅल्युमिनियम रिमला ब्रेक छान लागतो, त्याची किंमत तुम्ही रिम झिजवून देताय, एवढंच.

आणखी एक गंमत. त्या सायकलीला पुढे ३२ तारा आणि मागे ४०. (स्पोकला आम्ही तारा म्हणायचो.) ओझं मागे, म्हणून तारा मागे जास्त. सायकलच्या दुकानातला माणूस चाक फिरवत तारांवर बोट मारायचा आणि कान लावायचा. तंबोरा लावतोय असं वाटायचं. एखादी तार बद्द वाजली की चावी लावायचा.

नगरपालिकेचा बिल्ला पण आहे अजून सायकलला. बिल्ला नसेल तर पोलीस पकडायचा, हे आताच्या मुलांना सांगितलं तर हसतात.

सोम्यागोम्या

आजोबा, त्या सायकलवर वेगळा धागा काढा ना. फोटोसकट.

निळी सायकल

आजोबांचा तंबोरा अगदी खरा आहे. मी जर्मनीत स्टुटगार्टला असते, इथे चाकं बांधायचा एक छोटा कोर्स केला तेव्हा शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी डोळे मिटून स्पोक वाजवायला लावले. मागच्या चाकात उजव्या बाजूचे स्पोक वरच्या पट्टीत वाजतात, डावीकडचे खालच्या. उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा लागते म्हणून हबची उजवी कड आत सरकलेली असते. रिम मधोमध राहायची तर उजवे स्पोक जास्त ताणावे लागतात. त्यामुळे एका बाजूच्या स्पोकचा सूर त्याच बाजूच्या स्पोकशी जुळवायचा, समोरच्या बाजूशी नाही.

आता मूळ प्रश्न. घाटकोंबडा, हब चांगला असेल तर नुसती रिम बदलणं शक्य आहे आणि घरीही जमतं. नवी रिम जुन्या रिमला चिकटवायची, भोकासमोर भोक आणि व्हॉल्व्हसमोर व्हॉल्व्ह येईल अशी, तीन-चार ठिकाणी टेप लावून. सगळे निपल (स्पोकचं टोक रिमला धरणारे छोटे नट) आधी थोडेथोडे सैल करायचे, मग एकेक स्पोक जुन्या रिममधून काढून शेजारच्या नव्या रिममध्ये. विणकाम मोडतच नाही, त्यामुळे कुठला स्पोक कुठे हा गोंधळ होत नाही.

पण हे तेव्हाच, जेव्हा नव्या रिमचा आतला व्यास, म्हणजे समोरासमोरच्या दोन निपलच्या बुडांमधलं अंतर, जुन्याइतकंच असेल. नुसतं "२६ इंच" जुळून चालत नाही. एक रिम उथळ, एक खोल असू शकते. त्या अंतरात ६ मिमीचा फरक म्हणजे प्रत्येक स्पोकमागे ३ मिमी. स्पोक एकतर पुरणार नाहीत किंवा निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचतील.

जुना_पाना

निळीताई, पद्धत बरोबर. पण जुने स्पोक परत वापरायला माझा विरोध. सात-आठ वर्षं घाट चढलेले स्पोक हबजवळच्या वाकणाशी थकलेले असतात. ते रिमपाशी क्वचितच तुटतात, बहुतेक तिथेच तुटतात. नव्या रिमला जुने स्पोक म्हणजे नव्या सदऱ्याला जुनी बटणं, तीही निम्मी सैल.

निळी सायकल

काका, आदर राखून असहमत. स्पोक थकतो तो ताण कमी असलेल्या चाकात, कारण दर फेऱ्याला तो सैल-घट्ट, सैल-घट्ट होत राहतो. चाक नीट ताणलेलं असेल आणि आजवर एकही स्पोक तुटला नसेल तर तेच स्पोक आणखी एक रिम आरामात काढतात. निपल मात्र नवे घ्यावेत. पावसात ते आतून धरतात आणि चावीने गोल होतात.

घाटकोंबडा, आजवर किती स्पोक तुटलेत?

घाटकोंबडा

गेल्या दोन वर्षांत चार. सगळे उजवीकडचे. सगळे हबजवळ.

निळी सायकल

मग पाना काका जिंकले. नवे घ्या.

जुना_पाना

:) नोंद घेतली आहे. तारीख लिहून ठेवतो.

आगाऊ

माझा मूर्खपणा सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. मलाही असंच नवं चाक बांधायचं होतं, हब जुनाच ठेवून. रिम तर भंगारातच जाणार, स्पोकही. म्हणून शनिवारी संध्याकाळी कटर घेऊन सगळे ३६ स्पोक कटाकट तोडले. फार समाधान वाटलं. रिम बाजूला, हब हातात. हबला फ्रायव्हील (मागच्या गिअरच्या चकत्यांचा गठ्ठा) तसंच.

आता फ्रायव्हील काढायचं. ते हबवर आट्यांनी बसलेलं असतं आणि तुम्ही जितकं पेडल मारता तितकं ते आणखी आवळत जातं. सात वर्षं आवळलेलं. काढायचा खाचांचा पाना व्हाइसमध्ये धरायचा, चाक त्यावर पालथं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी धरून स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवायची. रिम हीच त्याची तरफ. आणि माझी रिम कोपऱ्यात पडलेली.

हब हातात धरून फिरवला, फडक्यात धरला, व्हाइसमध्ये धरला तर हबची कड चेपली. शेवटी हबही नवा, फ्रायव्हीलही नवं. आधी फ्रायव्हील काढा, मग स्पोकला हात लावा. हे वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहिलंय.

सोम्यागोम्या

मला सायकल येत नाही तरी हे वाक्य आता आयुष्यभर लक्षात राहणार.

पेठेतला

रिम तोडून मग अक्कल आली. नेहमीचा क्रम.

रानफूल

मी ऑनलाइन मागवलेलं "२६ इंची" टायर घरी आल्यावर रिमवर चढेना. दोन तास, तीन माणसं, चार चमचे. मग कळलं, लेडीज सायकलचं २६ गुणिले एक तीन-अष्टमांश आणि एमटीबीचं २६ ह्या वेगळ्याच गोष्टी आहेत. त्या लेडीज सायकलची रिम ५९० मिमीची, एमटीबीची ५५९. दोन्हीवर "२६" लिहिलेलं. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ५५९ असा आकडा असतो, तोच खरा. २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. इंच विसरा, मिलिमीटर बघा.

डिस्कवाला

मग २७.५ चं चाक का नाही बसवत? फ्रेममध्ये बसत असेल तर थोडं मोठं चाक, खड्ड्यांवरून छान जातं.

जुना_पाना

बसेलही कदाचित, पण थांबणार नाही. ५८४ वजा ५५९ म्हणजे २५. म्हणजे रिमची कड मध्यापासून साडेबारा मिमी वर जाते. व्ही-ब्रेकचं रबर वर-खाली सरकवायला तेवढी जागा नसते. रबर रिमऐवजी स्पोकवर जाईल. तुम्हाला डिस्क आहे म्हणून तुमची मजा. यांच्या फ्रेमला डिस्क ब्रेक बसवायचे कान आहेत का?

घाटकोंबडा

नाहीत. बघितलं.

डिस्कवाला

बरं, माघार. पण डिस्कवाल्यांच्याही कटकटी असतात हे कबूल करतो. गेल्या महिन्यात चेनला तेल मारताना स्प्रे चकतीवर उडाला. पॅड गेले. म्हैस हंबरल्यासारखा ब्रेक वाजत होता सोसायटीभर.

काकडीची कोशिंबीर

@डिस्कवाला, आता माणसात आलात :)

अवांतर: २६ इंचच का, ह्याची एक गोष्ट वाचलीय. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीतली पोरं जुन्या जड श्विन सायकली घेऊन डोंगरातून खाली सुटायची. त्या सायकलींना २६ इंची फुगे टायर होते, म्हणून पुढे एमटीबीलाही तेच चिकटलं. १९७६ पासून एका उतारावर शर्यती सुरू झाल्या. ब्रेक मागच्या हबच्या आत, पेडल उलटं मारलं की लागणारा. इतका तापायचा की खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर. मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरा, इंग्रजीत रीपॅक करा. त्या शर्यतीचं नावच "रीपॅक" पडलं.

बिनधास्त आजोबा

हबमध्ये ग्रीस नाही भरलं तर आमचे वडील कान पिळायचे. अमेरिकेत त्याच्या शर्यतीला नाव देतात. चालायचंच.

चिखलवाट

हबवरून आठवलं, घाटकोंबडा, रिम रिम करताय पण हब उघडून पाहिलात का? रिम एवढी झिजेपर्यंत छर्रे काय सुखात असतील असं वाटत नाही.

घाटकोंबडा

रविवार रिकामा होता (का ते सर्वांना माहीत आहे), म्हणून हब उघडला. आगाऊंच्या भिंतीवरचं वाक्य लक्षात ठेवून आधी फ्रायव्हील काढलं. शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडचा मोठा व्हाइस आणि मी व तो, दोघं. सुटलं तेव्हा बंदुकीसारखा आवाज आला.

आतून हे निघालं: ग्रीसच्या जागी काळा चिखल. एका बाजूला ९ छर्रे, दुसऱ्या बाजूला ८ आणि एकाचे तुकडे. उजव्या कोनला (छर्रे ज्यावर फिरतात तो एक्सलवरचा शंकू) खड्डे. एक्सल काचेवर गडगडवला तर हलतोय, म्हणजे वाकलाय. आणि हबच्या आतल्या वाटीलाही खड्डे.

कोन आणि एक्सल नवे मिळतील. वाटीचं काय?

जुना_पाना

वाटी बहुतेक हबमध्ये दाबून बसवलेली असते, सुटी मिळत नाही. संपलं. रिम गेली, स्पोक थकले, हब गेला. आता "रिम की चाक" हा प्रश्न उरलाच नाही.

एक्सल वाकणं तुमच्या चुकीने नाही. फ्रायव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, कारण बाहेरची जागा फ्रायव्हीलने खाल्लेली असते. म्हणजे एक्सलचा चांगला दोन बोटं भाग आधाराशिवाय लोंबत असतो. वजनदार माणूस, मागे सात चकत्या, घाटातले खड्डे. वाकतोच.

म्हणून नवं बांधताना कॅसेटचा हब घ्या, म्हणजे गिअरच्या चकत्या आट्यांनी न बसता हबवर सरकवून बसतात तो. त्यात उजवीकडचे छर्रे बाहेरच्या टोकाला येतात, एक्सल वाकत नाही. तुमचे ७ गिअर तसेच राहतील. ८-९-१० गिअरच्या हबवर ७ ची कॅसेट बसवायची तर मागे साडेचार मिमीची चकती घालावी लागते, तेवढं दुकानदाराला सांगा. आणि फ्रेममध्ये चाक बसतं त्या दोन खाचांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजून जा. १३५ यायला हवं.

निळी सायकल

+१. आणि भोकं ३६ च ठेवा. ३२ ची रिम स्वस्त मिळते म्हणून ३६ च्या हबला घेऊन येणारे मी पाहिलेत.

अवांतर: तुम्हा लोकांचा सह्याद्री बघून जळफळाट होतो. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, जंगलातल्या २ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल चालवायला कायद्याने बंदी आहे. टेप घेऊन कुणी उभं नसतं, पण पायी फिरणारे आजोबा-आजी नियम तोंडपाठ सांगतात.

पेठेतला

२ मीटरपेक्षा अरुंद वाटेवर सायकल बंद? म्हणजे आमच्या पेठेत सगळीकडेच.

काकडीची कोशिंबीर

पहिल्यांदाच पेठेतला ह्यांना +१ देते आहे. दिवस लिहून ठेवा, पाना काकांच्या वहीत.

घाटकोंबडा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. चाक झालं. जरा सविस्तर लिहितो.

सुटे भाग पुण्याहून आणले. कॅसेटचा हब, डबल वॉल रिम, ३६ स्पोक आणि निपल, कॅसेट, चकती, नवे ब्रेक रबर. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं. तयार चाक थोडं स्वस्त मिळत होतं, पण हातात धरून स्पोक वाजवले तर एक सा, एक कोमल रे, एक नुसताच खर्र. तिथेच ठेवलं.

बांधायला इथे साताऱ्यातच एक वयस्कर कारागीर मिळाले. बसस्टँडच्या मागे छोटी टपरी, बोर्डही नाही. मी म्हटलं, मी बघू का बसून? म्हणाले, बघू नका, करा. मग दोन संध्याकाळी बसलो. त्यांनी आधी ९ स्पोक घातले, एकाआड एक भोक सोडून, हबच्या एका बाजूचे. मग दुसऱ्या बाजूचे ९. मग हब हलकेच फिरवला आणि सगळं जाळं एकदम तिरकं झालं. उरलेले १८ उलट्या दिशेने, प्रत्येक स्पोक तीन स्पोकांना ओलांडून, तिसऱ्याच्या खालून. मी पहिल्यांदा केलं तेव्हा व्हॉल्व्हचं भोक दोन आडव्या स्पोकांच्या बरोबर खाली आलं. ते म्हणाले, "आता हवा कशी भरणार? बोटात बसेल असा पंप आणा." परत सोडलं, परत घातलं.

ताण देताना प्रत्येक निपल अर्धा-अर्धा फेराच. घाई केली की चाक रुसतं, हे त्यांचं वाक्य. मधूनमधून ते समांतर स्पोकांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबायचे, कडकड आवाज यायचा. रिम मध्यावर आहे का हे बघायला चाक फ्रेममध्ये सुलटं आणि उलटं, दोन्हीकडून घालून पाहिलं. फरक ब्रेकच्या रबरापाशी लगेच दिसतो.

त्यांनी मजुरी सांगितली ती ऐकून मीच लाजलो. दुप्पट दिली, अर्धी परत केली, शेवटी चहा-वड्यावर मिटलं.

आगाऊ

मस्त! फोटो? आणि पहिली राइड कशी झाली?

घाटकोंबडा

पहिले शंभर मीटर चाकातून टिंग टिंग आवाज. घाबरून परत टपरीवर. ते म्हणाले, स्पोक पिळ सोडतायत, फिरून या. खरंच दहा मिनिटांत थांबला. आता शंभरेक किलोमीटर झाले की परत दाखवायला जायचंय.

दुसरी गंमत म्हणजे जोरात पेडल मारलं की चेन उडायला लागली. लहान चकत्यांवर जास्त.

रानफूल

चेन जुनी आहे ना? नवी कॅसेट आणि ताणलेली चेन, दातांशी जुळतच नाही.

जुना_पाना

रानफूल बरोबर. एका पिनेवर शून्य धरून पुढच्या २४ पिना मोजा. नवी चेन असेल तर बरोबर १२ इंच. एक-अष्टमांश इंच जास्त भरली तर ती चेन नव्या कॅसेटला पण खाणार.

घाटकोंबडा

१२ आणि एक-अष्टमांशापेक्षाही जरा जास्तच. म्हणजे आणखी खर्च. बायकोला "चेन स्वस्त असते" एवढंच सांगितलंय.

पेठेतला

म्हणजे रिम बदलायला निघालात आणि आता जुनी म्हणायला फ्रेम आणि सीट उरली.

काकडीची कोशिंबीर

आणि बायको.

घाटकोंबडा

@काकडी, हा प्रतिसाद तिने वाचलाय. तुम्हाला निरोप आहे, साताऱ्याला या, भेट होईलच.

निसर्गवेडा_९१

छान चर्चा. माझ्याही मागच्या चाकाची रिम झिजली आहे. नुसती रिम बदलावी की अख्खं चाक? कृपया मार्गदर्शन करावे.

सोम्यागोम्या

@निसर्गवेडा_९१, आधी फ्रायव्हील काढा, मग स्पोकला हात लावा. (सायकल न येणारा, तरी आता तज्ज्ञ.)

जुना_पाना

@निसर्गवेडा, हवा काढा, टायर काढा, मोजा, मग वर पहिल्या पानापासून वाचा. किती स्पोक तुटलेत आणि हब फिरवताना खरखर लागते का, तेही लिहा. त्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.

घाटकोंबडा, एक राहिलंच. पुढचं चाक मोजलंत का? घाटात जास्त ब्रेक पुढचाच लागतो.

घाटकोंबडा

काका, कालच मोजलं. उजवी १.३, डावी १.२.

हा पावसाळा काढेल. चिखलवाट म्हणाले तशी बाटली आणि सुई सायकलच्या पिशवीत ठेवलीय. रविवारी कासला निघतोय, चिन्मय मागच्या आठवड्यापासून विचारतोय, पण तो आईबरोबर एसटीने येणार आहे. अट तिची.